महादेवाशी अबोला

एकदा एका नदीकाठच्या गावात तापाची साथ आली, आणि ती कोणाचं पुण्य पाहून आली नाही. माणसं घरंदारं सोडून माळावर झोपड्या घालून राहू लागली. महादेवाच्या देवळात मात्र वृद्ध गुरुजी आणि त्यांचा शिष्य दोघेच मागे उरले. शिष्य लहानपणापासून त्यांच्या हाताखाली वाढलेला, आता बायको-मुलीचा संसार असलेला. साथीतही त्याने पूजेत खंड पडू दिला नाही. आणि त्याच साथीत त्याची लहानगी यमू गेली.

सुतक फिटल्यावर तो देवळात आला, तो गाभाऱ्याची किल्ली परत करायला.

"गुरुजी, मला आता हे जमणार नाही," तो म्हणाला. "मी त्याची सेवा करत राहिलो आणि त्याने माझं घर रिकामं केलं. आता त्याच्यापुढे हात जोडले, तर ते खोटं होईल."

गुरुजींनी समजूत घातली नाही. पूर्वजन्म काढला नाही, की कर्माची गती समजावली नाही. अशा वेळी ते सांगणारे गावात पुष्कळ असतात. "किल्ली कोनाड्यात ठेव. दिवेलागणीपर्यंत थांब, मग जा," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी गुरुजींनी पिंडीला स्नान घातलं, बेल वाहिला, समई लावली, दूधभाताचा नैवेद्य ठेवला. एरवी त्यांच्या खड्या आवाजाने गाभारा घुमायचा. आज ओठ मिटलेलेच होते. सगळं आटोपल्यावर ते बाहेर पायरीवर आले आणि चक्क देवाकडे पाठ करून बसले.

शिष्य पाहतच राहिला. गाभाऱ्यातून निघताना देवाला पाठ दाखवायची नाही, उलट्या पावली बाहेर यायचं, ही त्याची पहिली शिकवण. ती चुकली म्हणून याच गुरुजींनी एकदा त्याचा कान पिरगाळला होता.

"गुरुजी, हे काय?"

"यमू गेली त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही," गुरुजी म्हणाले. त्यांनी घंटेकडे बोट दाखवलं. घंटेला जुन्या लुगड्याची एक लांब पट्टी बांधलेली होती. यमूचा हात पोहोचावा म्हणून ती गुरुजींनीच बांधली होती. "मी त्याच्याकडे तिचा जीव मागितला होता रे. तो गप्प राहिला. मग मीही गप्प झालो."

"मग दिवा कशाला लावता? नैवेद्य कशाला?"

"घरात दोन माणसांचा अबोला असला, म्हणून ताट वाढायचं कोणी थांबतं का? तोंड फिरवून का होईना, वाढतातच. माझा राग खरा आहे, तो मी त्याच्यापासून लपवत नाही. पण उठून निघून गेलो, तर हे दुःख घेऊन मी भांडायला तरी कोणाकडे जाऊ? तुला हात जोडता येत नसतील, तर नको जोडूस. इथे पायरीवर जागा आहे."

शिष्य त्यांच्याशेजारी बसला, तोही देवाकडे पाठ करून. लेक गेल्यापासून तो रडला नव्हता. आता त्याला रडू आवरेना. गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचेही डोळे वाहत होते.

बऱ्याच वेळाने समईची ज्योत फडफडू लागली. शिष्य सवयीने उठला, आत गेला आणि तेल घातलं. त्याने पिंडीकडे पाहिलं नाही, नमस्कारही केला नाही. पण बाहेर येताना त्याची पावलं उलटीच पडत होती, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. गुरुजींनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुजी देवळात आले, तेव्हा कोनाड्यात किल्ली नव्हती. गाभारा उघडलेला होता, समई तेवत होती, पिंडीवर ताजा बेल होता. शिष्य देवाकडे पाठ करून पायरीवर बसला होता.

घंटा मात्र त्याने वाजवली नव्हती. पुढे कितीतरी दिवस ती कोणीच वाजवली नाही, आणि पूजा एकदाही चुकली नाही.