ढगा मेंढ्याची लोकर

शके अठराशे एकवीसच्या माघात कडाक्याची थंडी पडली. ढगा मेंढ्याने कोकरू असताना म्हाकू धनगराचं घोंगडं चावून मधोमध भोक पाडलं होतं. त्यातून म्हाताऱ्याला अजून वारा झोंबे. कातरणी झाली तेव्हा ढगा ऐटीत म्हणाला, "घ्या! अख्खं नवं घोंगडं देतो!"

धनुकलीसारख्या पिंजणाने तात झणझणवत लोकर झोडली. माती उडाली, गोखरू उडाले, लेंड्याही उडाल्या. उरली ओंजळभर.

"काय पाटील, घोंगडं कुठाय?" पिंजणाने विचारलं.

ढगा उघड्या अंगाने कुडकुडत होता. "म्हणजे वर्षभर मी मातीच मिरवली म्हणायची! बघ गड्या, भोकापुरती तरी होते का."

चातीने गरगर फिरत सूत काढलं. त्या सुताने म्हाकूने भोक विणून बुजवलं.