थोरलीचा सूर

एसटीच्या टपावर सामान बांधायचे दिवस होते, तेव्हाची गोष्ट. वसईच्या इनासकाकांची थोरली गिटार त्या टपावरून सगळा मुलूख फिरली होती. पुढे काकांचा खांदा दुखू लागला, म्हणून प्रवासाला त्यांनी हातभर लांबीची धाकटी गिटार आणली.

"एवढंसं पोट तुझं! मैफल कशी भरणार?" खुंटीवरून थोरली फणकारली. खरं तर तिला घाटातला वारा आठवत होता.

"ताई, मला तर अजून सूरही माहीत नाही," धाकटी म्हणाली.

निघताना काकांनी थोरलीची तार छेडली, कान देऊन धाकटीची तार तिच्याशी जुळवली आणि धाकटी खांद्याला अडकवली.

उंबऱ्यात थांबून त्यांनी ती एकदा वाजवून पाहिली. तशी खुंटीवरच्या थोरलीची तार, कुणी हात न लावता, घुमली.