नसलेलं मडगार्ड

“…गाडी चुकीची केली म्हणता, मग कोणतं पुस्तक वाचायचं राहिलं, तेवढं तरी सांगा.”

पराग मुथाचा आवाज चढला होता. समोर भालसिंग सर मांडी घालून बसलेले. रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करायला भिंगारमधल्या कितीतरी पोरांना शिकवलं ते या माणसानं. दोघांच्या मधे चौरंग, आणि चौरंगावर परागनं केलेला वीतभर रणगाडा.

सर रणगाड्याची डावी बाजू न्याहाळत होते.

पराग हुशार, यात वाद नाही. तोही कुणाला वाद घालू देत नसे. परदेशातून मागवलेल्या जाडजूड पुस्तकांनी त्याचं कपाट भरलेलं. कोणत्या गाडीला कुठला बोल्ट कुठं, सगळं तोंडपाठ. आता सरांना शिकवायचं तेवढं बाकी होतं.

चार वाजता हौसाबाई ठुबे येणार होत्या, पारनेरकडच्या खेड्यातून. त्यांचे मालक एकाहत्तरच्या लढाईत रणगाड्यासकट जळाले. घरी अस्थीसुद्धा आल्या नाहीत. आला तो एक फोटो, आदल्या दिवशी काढलेला, गाडीपाशी उभे असलेले मालक. तो सरांपुढं ठेवून बाई म्हणाल्या होत्या, “मला हीच गाडी पाहिजे बगा. असली दुसरी नको.”

सरांनी ते काम परागला दिलं. असलं काम त्यांनी आजवर कुणाला दिलं नव्हतं.

“कुठं चुकली?” परागनं विचारलं.

“डावीकडं मडगार्ड लावलंस.”

“या जातीच्या रणगाड्याला दोन्हीकडं मडगार्ड असतं, सर. सगळ्या पुस्तकांत आहे. कारखान्याचे नकाशे आहेत माझ्याकडं.”

“फोटोत नाही.”

“फोटो जुनाट. तिथं सावली पडलीय.”

“सावली आहे?”

परागनं फोटो परत जवळ घेऊन बघितला.

“नाही,” पराग म्हणाला. “मडगार्ड नाहीच तिथं. तुटलं असेल कुठंतरी. पण तशी गाडी एकाही पुस्तकात नाही, सर. बघणारे म्हणतील, याला साधं एवढं माहीत नाही. म्हणून मी… दुरुस्त केलं.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. या पठ्ठ्यानं आरसा बघून कांकण बदललं होतं.

बाहेर रिक्षा थांबली. फाटकाची कडी वाजली.

परागनं घाईघाईनं दाराकडं बघितलं.

“सर, आता नका काही काढू. रंग वाळलाय. तोडलं तर ओरखडा राहील. आणि त्यांना… त्यांना काय कळणार आहे मडगार्डातलं?”

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं. सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत बोटाएवढा जवान होता. सरांनी स्वतः केलेला. ठुबेच, हौसाबाईंचे मालक. डोक्यावर टोपी, अंग जरा पुढं झुकलेलं, एक हात पुढं, पंजा पसरलेला. फोटोत ते तसेच उभे होते, मडगार्ड नसल्यानं उघड्या पडलेल्या रणगाड्याच्या लोखंडी पट्ट्यावर हात टेकून, आपल्या बैलाच्या पाठीवर टेकावा तसा.

सरांनी जवान रणगाड्याच्या डाव्या अंगाला उभा केला.

पंजा मडगार्डाच्या कडेला अडला. जवान चौरंगावर उपडा पडला.

सरांनी त्याला परत उभा केला. परत पडला.

व्हरांड्यात चपला काढल्याचा आवाज आला. “सर हायेत का?” हौसाबाई बाहेरूनच विचारत होत्या.

पराग त्या पडलेल्या माणसाकडं बघत राहिला.

सरांनी चौरंगावरचं कापायचं पातं त्याच्याकडं सरकवलं. हळू आवाजात म्हणाले,

“सांग, ठुब्यांनी हात कुठं ठेवायचा?”