बटणाची जमीन

एकदा एका वृद्ध कलावंताकडे एक शिष्या काम शिकत होती, आणि तिला स्वतःच्या कामापेक्षा शेजारणीचे काम अधिक पाठ होते. कलावंताचे आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेले होते. पुढे तो धंदा बसला, तेव्हा उतारवयात त्यांनी संगणक शिकून घेतला आणि वेबपानांसाठी चित्रे, शीर्षके, बटणे करून देणारी लहानशी कार्यशाळा काढली. सगळे त्यांना भाऊ म्हणत. धंदा बदलला, पण जुने शब्द त्यांच्या तोंडून गेले नाहीत. पाटीवर अक्षरांच्या मागे जो रंग भरतात त्याला ते 'जमीन' म्हणत, आणि पडद्यावरच्या बॅकग्राउंडलाही जमीनच. कोणी बटण तयार करून फाइल एक्स्पोर्ट करायला निघाले, की भाऊंचा प्रश्न ठरलेला असे, "जमीन काढलीस का?" बटण उद्या कोणत्या पानावर जाऊन बसेल याचा नेम नसतो. त्याच्याभोवती जुन्या जमिनीचा तुकडा राहिला, तर नव्या पानावर ते ठिगळासारखे दिसते.

शिष्येचे नाव केतकी. तिचा हात सफाईदार, नजर तीक्ष्ण, आणि कार्यशाळेत तिचा शब्द भाऊंच्या खालोखाल चालत असे. भाऊ तिचे काम पाहून "बरं आहे" म्हणत. भाऊंचे "बरं आहे" म्हणजे केवढे मोठे प्रशस्तिपत्र, हे ती नव्या मुलांना आवर्जून समजावून सांगे.

मग उल्का नावाची मुलगी तिथे आली. तिने आल्या दिवसापासून केतकीला ताई म्हटले, तिच्याच शेजारी खुर्ची ओढून घेतली आणि गुपचूप कामाला लागली. सारे ठीक चालले होते. एके दिवशी भाऊ उल्काच्या पडद्यासमोर थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "वा."

केवळ एक अक्षर. पण ते अक्षर केतकीच्या कानातून काही जाईना. इतकी वर्षे आपल्याला "बरं आहे", आणि कालच्या पोरीला "वा"?

मत्सर माणसाला आळशी करतो असे कोणी म्हणत असेल, तर त्याने केतकीला पाहायला हवे होते. ती सकाळी सर्वांच्या आधी येऊ लागली. चहाचा घोटही न घेता सामाईक फोल्डर उघडायची आणि उल्काच्या फाइली न्याहाळायची. उल्काच्या बटणाचे कोपरे गोल असतील तर हिचे अधिक गोल. तिची सावली मऊ असेल तर हिच्या बटणाला दोन सावल्या. कोणी उल्काचे कौतुक केले तर केतकी अगदी मनापासून मान डोलवी आणि म्हणे, "छानच आहे हो. रंग जरा भडक झालाय, एवढंच." एवढंच म्हणताना तिच्या जिवाला क्षणभर थंडावा मिळे. पण तो टिकत नसे.

अशात डोळ्यांच्या एका धर्मादाय रुग्णालयाचे काम आले. रुग्णांना घरबसल्या तपासणीची वेळ घेता यावी असे संकेतस्थळ करायचे होते, आणि त्यातले मुख्य बटण होते 'वेळ ठरवा'. भाऊंनी दोघींना समोर बसवून सांगितले, "हे बटण दोघी करा. जिचं पानावर बसेल, तिने सगळं काम हाती घ्यायचं. आणि माझीही नजर आता अधू झाली. पुढे ही कार्यशाळा तिनेच चालवावी, असं माझ्या मनात आहे."

"दोघींपैकी?" केतकीने विचारले.

"दोघींपैकी," भाऊ म्हणाले.

केतकीला हा अपमान वाटला. जी जागा आपलीच आहे असे ती धरून चालली होती, तिथे आता दुसरीशी झुंजायचे. अपमान गिळून ती कामाला बसली, पण बटण दाबणाऱ्यांचे डोळे कसे असतील हा विचार तिच्या मनाला शिवला नाही. तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे उल्का काय करते आहे ते पाहिले.

उल्काने हळदीच्या दुधासारखा फिका पिवळा रंग घेतला होता आणि त्यावर ठसठशीत काळी अक्षरे. ना चकाकी, ना सावली. ते पाहून केतकीला आनंदही झाला आणि भीतीही वाटली. इतके साधे बटण भाऊंना आवडले तर?

दुपारी सगळे जेवायला उठले, तेव्हा केतकी मागे राहिली. तिने उल्काचा तो पिवळा रंग उचलला आणि आपल्या फाइलमध्ये जमीन म्हणून पसरला. ज्याच्यापुढे हा पिवळा निस्तेज दिसेल असा निळा तिला हवा होता. एक निळा घेतला, टाकला. दुसरा घेतला, तोही टाकला. अखेर एक गडद, राजेशाही निळा असा सापडला, की त्याच्यापुढे पिवळ्याचे तोंडच उतरले. केतकी सुखावली. बटणाच्या कडा तिने मऊ केल्या, वर काचेसारखी चकाकी चढवली, आणि त्या नादात निळे व पिवळे एकाच लेअरवर, म्हणजे एकाच थरात, केव्हा एकत्र करून बसली ते तिलाही कळले नाही.

तेवढ्यात दारातून हाक आली, "केतकीताई, अहो, जेवला नाहीत? आमटी ठेवलीय तुमच्यासाठी. गरम करून आणू?"

केतकी दचकली. चोरी पकडली गेल्यासारखी तिची बोटे पळू लागली. पिवळी जमीन तिने घाईघाईने पुसली, बटण एक्स्पोर्ट केले आणि फाइल बंद करून म्हणाली, "नको गं, भूक नाही."

दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर दोन्ही बटणे रुग्णालयाच्या पांढऱ्या पानावर लावून पाहिली. केतकीचे बटण खरोखर देखणे दिसत होते. सगळे तसे म्हणालेही. उल्का तर सर्वांत आधी म्हणाली, आणि ते केतकीला अधिकच झोंबले. हिला वाईट कसे वाटत नाही?

भाऊ पुढे झाले. त्यांनी दोन्ही बटणे पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "आता पान काळं करा."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. केतकी म्हणाली, "भाऊ, पण पान तर पांढरं ठरलंय ना?"

"करा तर खरं."

पान काळे झाले. उल्काचे बटण होते तसेच राहिले. केतकीच्या निळ्या बटणाभोवती मात्र एक फिकी पिवळी किनार उमटली, ओबडधोबड, जागोजागी तुटलेली. पांढऱ्या पानावर ती कोणाला दिसली नव्हती. काळ्यावर दुसरे काहीच दिसेना.

"अगं बाई," उल्का सहज बोलून गेली, "हा तर माझा पिवळा!"

केतकीचा चेहरा पांढराफटक पडला. भाऊंनी बाकीच्यांना चहाला पाठवले. उल्काही निघाली, दारात जरा घुटमळली आणि मग गेली. दार लागताच केतकी म्हणाली, "बोला काय बोलायचं ते. तुम्ही मुद्दाम मला सर्वांपुढे उघडं पाडलंत."

"ज्यांचे डोळे उजेड सोसत नाहीत, त्यांच्यासाठी काळं पान द्यावंच लागतं. डोळ्यांचं रुग्णालय आहे, केतकी. हे तुला माझ्याआधी सुचायला हवं होतं."

केतकीचा बांध फुटला. "हो, जळते मी! ती आल्यापासून जळते. तुम्ही तिला 'वा' म्हणालात, मला कधी म्हणालात? सकाळी डोळा उघडला की आधी तीच आठवते मला. मला काय हौस आहे होय?"

भाऊ तिच्या शेजारी, उल्काच्या खुर्चीत बसले. पडद्यावरच्या पिवळ्या किनारीवर त्यांनी बोट ठेवले.

"हे बघ. बटणाची कड मऊ असते. कडेचे ठिपके निम्मे बटणाचे असतात, निम्मे जमिनीचे. म्हणून ज्या जमिनीवर काम करशील ती कामात मुरते. नंतर कितीही पूस, मधला भाग तुझा राहील, पण कडेला ती उरणारच. तू हे बटण त्या आजारी माणसांसाठी केलंच नाहीस. उल्कासाठी केलंस. आणि ते दाबायची गरज तिलाच सर्वांत कमी आहे."

केतकीने डोळे पुसले. "म्हणजे काम तिला."

"काम तिला. आणि ही कार्यशाळाही."

भाऊंनी हे मऊ करून सांगितले नाही. केतकीने पडद्यावरचे काळे पान बंद केले. मग म्हणाली, "आणि जळणं? ते कसं थांबवू?"

"ते मला विचारू नकोस. थांबेल तेव्हा थांबेल. मलाही आयुष्यभर सगळीच माणसं आवडली, असं नाही. तोवर काम तरी तिच्या जमिनीवर करू नकोस. हे बटण नव्याने कर."

"आता कोणासाठी? निवड तर झाली."

भाऊ उठले आणि चहाला निघून गेले. शिष्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारा गुरू मी तरी पाहिलेला नाही.

केतकीने नवी फाइल उघडली. जमीन रिकामी. तिने काळे घेतले, पांढरे घेतले, पुन्हा निळ्याकडे गेली, आणि तिचा हात थांबला. हा निळा आपल्याला आवडतो का, हे तिला सांगता येईना. तो पिवळ्याला हरवतो एवढेच तिला माहीत होते, आणि समोर पिवळा नव्हता. कोपरे किती गोल असावेत? अक्षर केवढे? इतक्या दिवसांत एकाही प्रश्नाचे उत्तर तिने स्वतःच्या मनाला विचारले नव्हते. आपण मागे पडलो याचे दुःख तिला होतेच. पण आपल्याला आपला रंगच ठाऊक नाही, हे कळले तेव्हा ती खरोखर घाबरली.

पलीकडच्या खोलीतून उल्काचे हसू ऐकू आले. सामाईक फोल्डर उघडायला बोट शिवशिवले. तिने ते उघडले नाही.

तिने एक रंग घेतला आणि पुसला. डोळे बारीक करून, मग जवळजवळ मिटून, धूसर दिसणाऱ्या माणसाला काय दिसेल ते पाहिले. दुसरा घेतला, तोही पुसला. बऱ्याच वेळाने एक रंग तिला बरा वाटला. तो कोणापेक्षा चांगला आहे, हे तिला सांगता आले नसते.