तांबटाच्या घरी न गेलेला वैद्य

खाडीकाठच्या एका गावात हिराजी आणि जोमा असे दोन भाऊ राहत. गाव सगळे मिठागरांवर पोट भरणारे. दरवर्षी पावसाळा सरला की तिथे थंडीतापाची साथ येई आणि घराघरांतून माणसे उचलून नेई. या दोघांचे आईबाप एकाच साथीत गेले. तेव्हा लहानग्या जोमाने हट्ट धरला, "दादा, मी या तापावर औषध शोधणार." हिराजी हसला नाही. तो स्वतः मिठागरावर राबत राहिला आणि भाऊ मोठा होताच त्याला राजधानीतल्या औषधशाळेत शिकायला धाडले.

औषधशाळेचे प्रमुख अनंतशास्त्री मोठे कडक गृहस्थ होते. त्यांनी एक रीत घालून दिली होती. नवे औषध रोग्यांना देऊन पाहिले, की ते शोधणाऱ्याने दगावलेल्या रोग्याच्या घरी आधी जायचे. ओसरीवर बसायचे आणि घरचे सांगतील ते मुकाट्याने ऐकायचे. बऱ्या झालेल्यांकडे जायचे ते नंतर. "बरा झालेला माणूस तुझे गोडवे गाईल," शास्त्री म्हणत. "औषधाचे काय चुकले ते तुला मेलेल्याच्या घरीच कळेल." शिष्यांना ही रीत मुळीच आवडत नसे. लोकांचे शिव्याशाप खायला कोणाला आवडेल?

जोमा हुशार होता आणि त्याची चिकाटी तर विचारूच नका. मुळ्या उकळता उकळता त्याची बोटे काळी पडली, केस पिकले, लग्नाचेही राहून गेले. अखेर एका झाडाच्या सालीचा अर्क त्याला साधला. शास्त्र्यांनी तो शहरातल्या तापकऱ्यांना द्यायची परवानगी दिली. जवळजवळ सगळे खडखडीत बरे झाले. भट्टीवर काम करणारा एक तांबट तेवढा दगावला.

जोमाने त्या तांबटाच्या घरी जायचे होते. पण नेमका तेव्हाच राजाचा निरोप आला, की औषध सिद्ध झाले असेल तर उद्या दरबारात हजर व्हा. जोमाचे पाय जमिनीवर राहिनात. तो दरबाराची तयारी करत बसला. इतक्यात तांबटाची बायको मथुरा स्वतःच दारात येऊन उभी राहिली.

"वैद्यबुवा, तुम्ही आला नाहीत म्हणून मी आले. ताप उतरला होता हो त्यांचा. ते भट्टीवर गेले आणि मग..."

"बाई, तुमचा नवरा आधीच खंगलेला होता," जोमा तिला तोडत म्हणाला. "त्याला औषध काय करणार?"

ती आल्या पावली निघून गेली. संध्याकाळी शास्त्र्यांनी विचारले, "तांबटाकडे जाऊन आलास ना?"

"आलो," जोमा म्हणाला. "माणूस मुळातच खंगलेला होता." आणि म्हाताऱ्या गुरूने शिष्यावर विश्वास ठेवला.

दरबारात जोमाच्या अंगावर शाल पडली. काय हवे ते माग, असे राजा म्हणाला, तेव्हा त्याने एवढेच मागितले, की औषधाचे पहिले घडे माझ्या गावाला जावेत. घडे गेले. काही दिवसांनी गावाहून जो निरोप आला, तो ऐकून जोमा तसाच अनवाणी धावत होडीकडे निघाला.

गावात शिरला तर घरोघर रडारड चाललेली. हिराजीचे क्रियाकर्मही उरकून गेले होते. वहिनी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती.

"ताप एका दिवसात गेला, भावजी," ती म्हणाली. "तुमचं नाव घेत सगळे गडी मिठागरावर गेले. दिवसभर उन्हात घाम गाळला. मग यांची लघवीच बंद झाली, अंग सुजलं. बाकीच्यांचंही तसंच झालं."

आता जोमाला सगळे उमगले. घामाने कोरड्या पडलेल्या शरीरात त्याचा अर्क विष होत होता. रोग्याला दोन दिवस सावलीत निजवून भरपूर पेज पाजली असती, तर एकही माणूस मेला नसता.

"आधी हे औषध कोणाला देऊन पाहिलं नव्हतं का?" वहिनीने विचारले. "त्यांतल्या कोणाला असं झालं नव्हतं?"

"एकाला झालं होतं."

"मग?"

"त्याची बायको सांगायला आली होती," जोमा खाली मान घालून म्हणाला. "मी तिला बोलू दिलं नाही."

वहिनी रडली नाही की तिने शापही दिला नाही. ती उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतले.

पुढे जोमाने मुलखात सगळीकडे सांगावा धाडला, की हे औषध घेऊन उन्हात जाऊ नका, भट्टीपाशी जाऊ नका, पेज पीत राहा. त्यानंतर त्या औषधाने हजारो माणसे वाचली. दूरदूरच्या गावांत लोक जोमाला देव मानू लागले. दर साथीच्या आधी तो गावी येई आणि भावाच्या ओसरीवर बसून राही. आतून त्याला कोणी कधी हाक मारली नाही.

तात्पर्य: आपले कुठे चुकले हे सांगायला आलेल्याला जो शोधक परत पाठवतो, त्याच्या चुकीची किंमत दुसऱ्यांना जिवाने मोजावी लागते, आणि पुढे कितीही जीव वाचवले तरी गेलेले परत येत नाहीत.