पाळीची पोथी

फार फार वर्षांपूर्वीची, राजे स्वतः हत्तीवर बसून गावोगावची खबर घेत असत तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात मोठी ग्रंथशाळा होती आणि तिचा एक ग्रंथपाल होता. माणूस सज्जन, विद्वान आणि कमालीचा न्यायी. आता न्यायी म्हणजे किती न्यायी, तेच तर सांगायचं आहे.

त्याच्या ग्रंथशाळेत कुणालाही मज्जाव नव्हता. सरदार आला काय आणि सुतार आला काय, ग्रंथपाल त्याला तसाच पाट देई, तेवढाच वेळ देई आणि फळीवर जिची पाळी असेल ती पोथी हातात ठेवी. हो, पाळीची पोथी! एकाला चांगली मिळाली आणि दुसऱ्याला वाईट, असं कुणी म्हणायला नको म्हणून त्यानं ही रीत काढली होती. आजारी गायीचं औषध शोधायला आलेल्या गवळणीला त्यामुळं व्याकरण मिळालं, आणि लग्नाची गाणी हवी असलेल्या नवरीला युद्धशास्त्र. तिला ते पुढं सासरी उपयोगी पडलं म्हणतात, पण ते असो. शिवाय ग्रंथशाळेत तोंडातून शब्द काढायचा नाही, जे काही वाचायचं ते मनातल्या मनात, हा नियमही सगळ्यांना सारखाच.

"मी कुणात भेद करत नाही," ग्रंथपाल अभिमानानं सांगे, आणि ते खरंही होतं. लोक एकदा येत, पोथी उलटसुलट करून बघत आणि निघून जात. पुन्हा येत नसत. लोकांना वाचनाची गोडीच नाही, त्याला मी तरी काय करणार, असं ग्रंथपालाला वाटे.

एके दिवशी राजा आला. सगळं दालन रिकामं. राजानं नुकतेच नवे हत्ती आणले होते आणि त्यांना बांधायला जागा नव्हती.

"पंडितजी," राजा म्हणाला, "एवढं मोठं छप्पर आणि खाली चिटपाखरू नाही! पौर्णिमेला मी पुन्हा येईन. माणसं दिसली तर ग्रंथशाळा राहील. नाहीतर पोथ्या तळघरात जातील आणि इथं हत्ती राहतील."

तळघरात वाळवी होती, आणि त्या पोथ्यांवर ग्रंथपालाचा पोटच्या पोरांसारखा जीव होता. त्यानं गावभर दवंडी पिटवली, "या हो या, ग्रंथशाळेत सगळ्यांना सारखी वागणूक!" लोकांनी ऐकलं, माना डोलावल्या आणि ते आपापल्या कामाला लागले.

रात्रीच्या जेवणाला ग्रंथपाल चिडूनच बसला. त्याच्या वडिलांचे दात पडलेले, म्हणून त्यांना दुधात कुस्करलेली भाकरी होती. धाकटा भाऊ पहिलवान, त्याला ठेचा. ग्रंथपालाला पित्ताचा त्रास, म्हणून त्याच्या ताटात मऊ भात आणि फिकं वरण.

"सगळ्यांना एका मापानं मोजतो मी," तो म्हणाला, "तरी हे लोक फिरकत नाहीत!" बायकोनं ते नीट ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना एकसारखं वाढलं. कडक भाकरी आणि मिरचीचा ठेचा. भावानं ताट चाटूनपुसून साफ केलं. ग्रंथपालानं पहिला घास घेतला मात्र, त्याच्या कानांतून धूर निघाला. त्यानं तांब्याभर पाणी घटाघटा संपवलं.

"अगं, हे काय? मला पित्त आहे, ठाऊक नाही तुला?"

"ठाऊक आहे की," बायको म्हणाली. "पण म्हटलं, आपल्या घरातही आता भेद नको. आणि अहो, जरा मामंजींच्या ताटाकडं बघा."

ताटात भाकरी जशीच्या तशी होती. म्हातारे वडील केव्हाच उठून ओसरीवर जाऊन बसले होते.

"त्यांनी तक्रार केली?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"तुमच्याकडं येणारेही करत नाहीत. उपाशी उठतात आणि जातात."

ग्रंथपालाला फार लाज वाटली. त्यानं वडिलांची भाकरी स्वतःच्या हातानं दुधात कुस्करली आणि वाटी घेऊन तो ओसरीवर गेला. जाता जाता त्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. त्यानं विचारलं, "बाबा, मीठ घालू की गूळ?"

"गूळ घाल रे," वडील म्हणाले. "कधीचा खावासा वाटतोय. पण कुणी विचारलंच नाही."

दिवस उजाडला तसा ग्रंथपाल परत न आलेल्यांच्या घरी निघाला. या वेळी दवंडी नव्हती. प्रत्येक दारात तो एवढंच विचारी, "तुम्हाला काय हवं होतं?"

"मला वाचता येत नाही," गवळण म्हणाली. "तुम्ही वाचून दाखवाल म्हणून आले होते. पण बोलायचंच नाही म्हटल्यावर विचारू कशी?"

"गुडघे वळत नाहीत माझे," म्हातारा सुतार म्हणाला. "पाटावर बसवलंत, तर उठवायलाही तुम्हीच या."

नदीपलीकडून लग्न होऊन आलेल्या रंगारणीला तर इथली लिपीच येत नव्हती. "आमच्या भाषेतली पोथी असेल का हो?" तिनं भीत भीत विचारलं. तशा पोथ्या होत्या. पण त्यांची पाळी यायला अजून फार अवकाश होता.

ग्रंथपालानं पाळीची रीत मोडली. सुताराकडून उंच बाकं करवून घेतली. समोरच्या पडवीत मोठ्यानं वाचन सुरू केलं आणि जो जे मागेल ते फळीवरून काढून देऊ लागला. एक शास्त्रीबुवा संतापले, "ग्रंथशाळेचा बाजार केलात!"

"बुवा, तुम्हाला काय हवं?" ग्रंथपालानं विचारलं.

"शांतता!"

"मग मागची खोली तुमची." बुवांना एवढ्या लवकर ऐकलं जायची सवय नव्हती. ते पुढं भांडायचंच विसरले.

पौर्णिमेला राजा आला, तर त्याला आत शिरायला वाट मिळेना. पडवीत गवळण गायीच्या औषधांचं वाचन ऐकत होती, मध्येच प्रश्न विचारत होती. रंगारीण पोरांना आपल्या भाषेतली गोष्ट सांगत होती. राजा बराच वेळ बघत उभा राहिला.

ग्रंथपाल त्याच्याजवळ गेला. "महाराज, तुम्हाला काय हवं?"

राजा दचकला. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. "पंडितजी, हल्ली मला अक्षरं दिसत नाहीत. दरबारात सांगायची लाज वाटते. कुणी वाचून दाखवील का?"

ग्रंथपालानं त्याचा हात धरून त्याला पडवीत नेलं. गवळण सरकून बसली. त्या दिवशी राजानं इतकं ऐकलं की बाहेर हत्तीवर माहूत झोपी गेला. निघताना राजानं हुकूम दिला, हत्तींसाठी आमराईत नवं छप्पर घाला, ही जागा माणसांनी भरलेली आहे.

तात्पर्य : सगळ्यांना सारखंच वाढलं म्हणजे न्याय होत नाही, समोरच्याला काय हवं ते विचारून वाढलं, म्हणजे कुणी उपाशी उठत नाही.