न मिटणारा छेद

एका राज्यात वैद्याने केलेला छेद कधी मिटत नसे. मांत्रिक कालदत्ताची इंदुला नावाची लेक आचार्य शुभंकरांच्या शस्त्राखाली दगावली होती, आणि दुःखाने वेड्या झालेल्या बापाने तसा शाप दिला होता. शुभंकर झुरून वारले. वैद्यांनी शस्त्रे पेटीत बंद केली.

पुढे राजा हंसध्वजाच्या मुलाच्या पोटात खडा झाला. पोर सात दिवस तळमळत होते. तेव्हा शुभंकरांची शिष्या मृगावती गुरूंचे शस्त्र घेऊन शाप उतरवून घ्यायला मांत्रिकाच्या डोंगराकडे निघाली. वाटेत भारद्वाज पक्षी सोबतीला आला. म्हणाला, "बाई, तो तीन परीक्षा घेतो. तिसरीला सारे पळाले."

"पळून जाऊ कुठे? मूल तिकडे मरते आहे."

कालदत्त म्हणाला, "कोहळा चीर. एक बी दुखावता कामा नये." तिने चिरला.

"कमळाच्या देठातला तंतू उकल. तुटता कामा नये." तिने उकलला.

मग त्याने गुहेचे दार उघडले. शिळेवर इंदुला झोपल्यासारखी पडली होती.

"बारा वर्षे मंत्राने राखली आहे. ही का गेली, ते मला सांग."

मुलीच्या पायांना हात लावून मृगावतीने देह उघडला. पोटातली गाठ नीट निघाली होती, पण तिच्याखालची रक्तवाहिनी कापली गेली होती. तो तिरका छेद तिने ओळखला.

भारद्वाज कुजबुजला, "दैव म्हण. तो मानील."

ती म्हणाली, "महाराज, रोग बरा होणारा होता. माझ्या गुरूंचा हात चुकला."

तिने देह टाके घालून शिवला, पुसला, मुलीचे केस विंचरले.

"तुझ्या गुरूने मला दैव सांगितले होते," कालदत्त म्हणाला. "खरे सांगितले असते, तर मी तेव्हाच रडलो असतो."

आणि तो रडला. रडता रडता त्याला दिसले, लेकीच्या पोटावरचा छेद मिटला होता. संध्याकाळी त्याने तिला अग्नी दिला.

मृगावतीने राजपुत्राचा खडा काढला. नवव्या दिवशी जखम भरली, आणि राज्यातल्या पेट्या उघडल्या.

पुष्कळ वर्षांनी म्हातारा कालदत्त काठी टेकत तिच्या पाठशाळेत आला. शिष्यांकडे पाहून म्हणाला, "मी गेल्यावर माझा देह यांना दे. हात चुकायचेच असतील, तर माझ्यावर चुकू देत."